कारण विचारणारे आपण कोण?

आम्ही केंद्र सरकारचे कारकून. राहतो मुनिरक्यात, जेथे केंद्रीय माहिती आयोगाचे कार्यालय आहे. लोक क्षुल्लक प्रश्न विचारून कचेरीचा वेळ खातात, अशी ओरड आमचेच व्यवसायबंधू करीत असतात. निवृत्तिवेतन का थांबले, शिधापत्रिका कोठे अडली, हे प्रश्न क्षुल्लक? ज्याची चूल त्यावर पेटते त्याला विचारा! २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या सहाव्या कलमान्वये अर्जदाराने कारण सांगण्याची गरज नाही. उत्तर मात्र आम्ही तीस दिवसांत द्यावयाचे. मराठी वाचकांस हे नवे नाही. महाराष्ट्राचा असा कायदा २००२ चा. प्रश्नांचा एवढा भार होतो ना? मग चौथे कलम पाळा, माहिती आपण होऊन प्रसिद्ध करा. दप्तर उघडे असले म्हणजे अर्ज कोण कशाला लिहील?