तंजावरचे कागद कोण वाचणार?

डिसेंबर उजाडला की पुण्याजवळच्या मारुंजी-हिंजवडीच्या गृहसंकुलांत दक्षिणेच्या सहलींची आखणी सुरू होते. सहल कंपनीची असो की घरच्या घरी ठरवलेली, तिचा साचा फारसा बदलत नाही: मदुराई, रामेश्वरम, तंजावर, जमल्यास कुंभकोणम आणि चिदंबरम. या साच्यात तंजावरच्या वाट्याला बहुधा एक सकाळ येते. नंदी, गाभाऱ्यावरचे उंच विमान, शिवलिंगाचे दर्शन, छायाचित्रे, उरल्या वेळात राजवाड्यातील कलादालन, आणि गाडी पुढच्या गावाला. यात गैर काही नाही. सुट्टी मोजकी असते आणि बृहदीश्वर मंदिराचा आकार पाहणाऱ्याचे सगळे लक्ष स्वतःकडे ओढून घेतोच. पण त्या एका सकाळीत जे मावते तेच हळूहळू जतनाच्या, निधीच्या आणि अभ्यासाच्या दृष्टीनेही ‘तंजावर’ ठरत जाते. जे मावत नाही ते नष्ट न होताही हातातून सुटते. आणि या सुटणाऱ्या भागात मराठीचे एक अख्खे दप्तर आहे.

बृहदीश्वर हे एका काळाचे काम नाही. राजराज चोळाने उभारलेले मूळ मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. समोरचा भव्य नंदी नायक राजवटीचा आणि आवारातील गणपतीचे देऊळ मराठा काळातले. १९८७ मध्ये मंदिराला जागतिक वारसा दर्जा मिळाला आणि २००४ मध्ये दारासुरम व गंगैकोंडचोळपुरम येथील मंदिरे जोडून तिन्हींना मिळून चोळांचे नाव दिले गेले. ते नाव चुकीचे नाही, परंतु ते निवड करते. या निवडीचे सर्वांत बोलके उदाहरण गाभाऱ्याभोवतीच्या अरुंद प्रदक्षिणामार्गात आहे. तेथील नायककालीन चित्रांखाली चोळकालीन भित्तिचित्रे असल्याचे १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांच्या लक्षात आले. पुढे पुरातत्त्व खात्याने वरचा थर अलगद सोडवून तो वेगळ्या फलकांवर चढवला आणि खालची चित्रे मोकळी केली. तंत्र म्हणून हे काम नावाजण्याजोगेच आहे. मात्र त्यामागचे गृहीतक असे की जुने ते मूळ, आणि नंतरचे ते वर चढलेले. पर्यटनही याच गृहीतकावर चालते. ‘पोन्नियिन सेल्वन’ चित्रपटाने २०२२ मध्ये चोळांभोवती नवे वलय निर्माण केल्यावर ते आणखी बळावले असणार.

या उतरंडीत तळाला येतो तो मराठी थर. १६७६ च्या सुमारास शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजे एकोजीराजे, तंजावरच्या गादीवर आले, आणि १८५५ मध्ये डलहौसीच्या कारकिर्दीत ती गादी खालसा होईपर्यंत, जवळजवळ १८० वर्षे, तेथे भोसल्यांचा दरबार राहिला. मारुंजीच्या वाचकासाठी ही काही परप्रांतीय गोष्ट नव्हे: भोसल्यांची जहागीर सांगताना ‘पुणे, सुपे, इंदापूर, चाकण’ ही नावे आपण एका दमात घेतो, त्याच घराण्याची ही शाखा. मंदिराच्या प्राकारात, नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीवर, दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला ‘भोसले वंश चरित्र’ हा मराठी शिलालेख आहे. देवनागरी अक्षरांच्या ओळींमागून ओळी ग्रॅनाइटवर चालत जातात. जगातील सर्वांत दीर्घ शिलालेखांत त्याची गणना केली जाते. लिपी ओळखीची असूनही तो वाचणे सोपे नाही, कारण शब्द सलग आहेत आणि भाषा दोन शतकांपूर्वीची, तीही तंजावरची. बहुतेक मराठी प्रवासी एकतर तेथवर जात नाहीत, किंवा गेलेच तर भिंतीसमोर छायाचित्र काढून अभिमानाने परततात.

हा अभिमानही थोडा तपासून घ्यायला हवा. १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार इंग्रज कंपनीच्या हाती दिला होता. त्यानंतर चारच वर्षांनी, सत्ता गमावलेल्या राजाने आपली वंशावळ दुसऱ्या राजवंशाच्या देवळाच्या भिंतीवर कोरवली. तो पुरावा आहे, पण आधी १८०३ च्या मनःस्थितीचा आणि मग सतराव्या शतकाचा. शिवाजीमहाराज व व्यंकोजी यांच्या संबंधांबद्दल त्यात जे लिहिले आहे ते बखरीइतक्याच सावधपणे घ्यायला हवे. अशी चिकित्सा करायची तर तुलनेसाठी समकालीन कागद हवेत. ते कागद मंदिरापासून फार दूर नाहीत. राजवाड्याच्या आवारातच सरस्वती महाल ग्रंथालय आहे.

पर्यटकाला तेथे एक लहानसे प्रदर्शन दिसते. त्यामागे संस्कृत, तमिळ, तेलुगूबरोबर सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आहेत, आणि शिवाय मोडी लिपीतील दरबारी कागदांची शेकडो बाडे. एकोजींचे पुत्र शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांच्या मराठी नाटकांची परंपरा याच दरबारातली. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतील प्रयोगापासून मोजतो, त्याच्या सव्वाशे वर्षांहून अधिक आधीची. सरफोजींच्या धन्वंतरी महालातील नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि सोबत काढलेली डोळ्यांची चित्रे वैद्यकाच्या इतिहासकारांना आजही खुणावतात. ग्रंथालयाला १९८३ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे संग्रह बेवारस नाही. धोका आग, वाळवी किंवा चोरी यांचा तेवढा नाही, जेवढा वाचक संपण्याचा आहे.

मोडी वाचणारे आज महाराष्ट्रात कशामुळे टिकून आहेत, हे मारुंजीत बसून चांगले समजते. माहिती तंत्रज्ञान उद्यानालगतच्या जमिनीला भाव आला तसे जुने फेरफार, खरेदीखते आणि फाळण्या यांना महत्त्व आले. यांतील कितीतरी कागद मोडीत आहेत, कारण ही लिपी सरकारी व्यवहारात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती. मालकीचा वाद उभा राहिला की लिप्यंतरकाराची गरज पडते आणि त्याला मोबदलाही मिळतो. दुसरी मोठी मागणी २०२३ मध्ये आली: निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी जाणणारे किती थोडे उरले आहेत हे शासनालाच उमगले.

या दोन्ही मागण्या खऱ्या आणि रास्त आहेत. त्यांनी लिपीला जीवदान दिले हेही मान्य. तथापि त्या कोणत्या प्रकारचा वाचक घडवतात ते पाहिले पाहिजे. जमिनीच्या कागदात शोधायचे असते नाव, क्षेत्र, चतुःसीमा. जातीच्या नोंदीत एकच शब्द. नमुना ठरलेला असतो आणि उरलेला मजकूर ओलांडून जाता येतो. हे शोधण्याचे कौशल्य झाले. सलग वाचण्याचे कौशल्य वेगळे. तंजावरच्या कागदांना ते दुसरेच लागते, कारण तेथील मोडीची वळणे निराळी, मजकुरात तमिळ आणि तेलुगू शब्दांची सरमिसळ, देवस्थाने, छत्रे आणि धान्यमापांची नावे स्थानिक. पुण्यात तयार झालेला लिप्यंतरकार तेथे पहिल्याच पानावर अडू शकतो. शिवाय त्या कागदाने आज कुणाचा सात-बारा बदलत नाही की कुणाला प्रमाणपत्र मिळत नाही. ज्या बाजाराने मोडी वाचवली त्याच्या हिशेबात तंजावरच्या कागदाची किंमत शून्य आहे.

येथे संगणकाचा उपाय सुचवला जाईल, आणि तो आमच्या पट्ट्यातून तर हमखास. पाने स्कॅन करा, यंत्राला शिकवा, मजकूर बाहेर येईल. यात तथ्य आहे, पण क्रम उलटा लागतो. स्कॅन म्हणजे कागदाचे चित्र. ते जतन करते, वाचत नाही. यंत्राला शिकवायचे तर जाणकारांनी बिनचूक लिप्यंतर केलेली पाने मोठ्या संख्येने आधी हातात हवीत, तीही त्याच वळणाची, आणि यंत्राने काढलेला मजकूर बरोबर की चूक हे ठरवणाराही माणूसच लागतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद फारसा पाळलेला नसतो, अक्षरे एकमेकांत गुंतलेली असतात. संदर्भ न जाणणारे यंत्र अशा ठिकाणी अडखळण्याऐवजी आत्मविश्वासाने चुकते. वाचकांची शेवटची पिढी हाताशी असेपर्यंतच हे तंत्र उभारता येते. नंतर उरतील उत्तम प्रतीची, कुणालाही न उलगडणारी चित्रे.

तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने तेथील मोडी कागदांतील काही भागाची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली आहेत. हे काम झाले याचा आनंदच आहे. पण आजची दिशा कायम राहिली तर मराठी दरबाराचा इतिहास लिहिणाऱ्या मराठी अभ्यासकाला तो तमिळमधून घ्यावा लागेल, आणि मूळ मजकुराशी तो ताडून पाहण्याची क्षमता त्याच्याकडे नसेल. सामान्य वाचकापर्यंत पोहोचेल ते आणखी विरळ: विमानाची सावली जमिनीवर पडत नाही ही (खोटी) कथा आणि सांबार संभाजीराजांच्या नावावरून आले ही (सिद्ध न झालेली) कथा. वाटाड्याला दोष देता येणार नाही. त्याच्याकडे एक सकाळच असते आणि समोरचा प्रवासी त्याहून अधिक मागत नाही.

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या निमित्ताने येणाऱ्या निधीतून महाराष्ट्राबाहेरच्या मराठी दप्तरांसाठी स्वतंत्र तरतूद मागणे शक्य आहे, आणि ती मागणी स्मारकांसाठी नसून शिष्यवृत्त्यांसाठी असावी: मोडीबरोबर तमिळ शिकणाऱ्या, दोन-तीन वर्षे तंजावरात राहू शकणाऱ्या थोड्या तरुणांसाठी. पुण्यातील मोडी वर्गांनी आपल्या पाठांत तंजावरचे नमुने घालावेत. आणि या हिवाळ्यात मारुंजीहून जे निघणार आहेत त्यांनी एक मुक्काम वाढवावा, सरस्वती महालाची सुट्टी कोणत्या दिवशी असते ते आधी विचारून घ्यावे, आणि नैर्ऋत्येच्या भिंतीवरच्या दहा ओळी तरी अक्षर लावून वाचून पाहाव्यात.