सजगता कामावर न्या, पण हक्क विसरू नका

ध्यान म्हटले की आपल्या वस्तीत दोन गोष्टी आठवतात. एक, पौर्णिमेला विहारात डोळे मिटून बसणे. दुसरी, इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिराला जाणे. पहिल्यासाठी वेळ पुरत नाही आणि दुसऱ्यासाठी सुट्टी मिळत नाही. धुणीभांडी करणारी ताई दहा दिवस गेली, तर अकराव्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई लागलेली असते. मग 'ते आपल्यासाठी नाही' म्हणून विषय संपतो. आमचे म्हणणे असे की विषय इथूनच सुरू व्हायला हवा.

मज्झिम निकायातले सतिपट्ठान सुत्त पाहा. तथागतांनी सुरुवात श्वासापासून केली, पण ते तिथे थांबले नाहीत. चालताना, उभे राहताना, बसताना, हातपाय आखडताना-पसरताना, खाताना-पिताना, अगदी शौचाला जातानाही सावध राहायला त्यांनी सांगितले. म्हणजे झाडू मारणारी बाई, बारा तासांच्या पाळीवरचा वॉचमन, रिक्षा चालवणारा दादा हे सगळे या शिकवणीत पहिल्यापासूनच आहेत. वेगळी खोली नको, महागडी गादी नको, मोबाइलमधले ॲपही नको.

आम्हा परिचारिकांना हे कामातूनच शिकावे लागते. औषध देण्यापूर्वी पाच गोष्टी तपासायच्या: रुग्ण तोच का, औषध तेच का, मात्रा बरोबर का, वेळ बरोबर का, आणि तोंडाने द्यायचे की सुईने. हे पाच प्रश्न पाठ असणे वेगळे आणि रात्रपाळीच्या शेवटच्या खाटेपाशीही ते मनापासून विचारणे वेगळे. त्या दुसऱ्या गोष्टीलाच आम्ही सजगता म्हणतो.

सुत्तात सजगतेचे चार आधार सांगितले आहेत: काया, वेदना, चित्त आणि धम्म. ते आपल्या रोजच्या कामाला लावून पाहू.

काया म्हणजे आपले शरीर. जड बादली उचलताना कंबरेतून वाकतो की गुडघ्यातून, हे पाहा. कामाच्या ठिकाणी संडास नाही म्हणून कित्येक बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत, लघवी रोखून धरतात आणि जंतुसंसर्ग होऊन दवाखान्यात येतात. जळजळ सुरू झाली, तर शरीर काहीतरी सांगते आहे. संडास धुताना ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र टाकू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. घशात खवखवले, डोळे चुरचुरले की काम तसेच सोडून आधी मोकळ्या हवेत या.

वेदना म्हणजे सुखद, दुःखद किंवा धड ना सुख धड ना दुःख अशी जाणीव. मुकादम चारचौघांत बोलला. छातीत धडधडते, कान तापतात. ही दुःखद वेदना. तिची जागा ओळखली नाही, तर ती आपल्याबरोबर घरी येते आणि लेकरांच्या पाठीवर उतरते, नाहीतर गुत्त्याकडे वळते. घराच्या उंबरठ्यावर थांबून तीन श्वास घ्या. 'राग आलाय, तो मुकादमाचा आहे, या पोराचा नाही' एवढे मनात म्हटले, तरी हात थांबतो.

चित्ताचेही तसेच. मिश्री, तंबाखू, खर्रा यांची तलफ लाटेसारखी येते, वाढते आणि काही मिनिटांत उतरते. ती येताना-जाताना पाहायची, पाणी प्यायचे, हाताला काम द्यायचे. पाचवे शील दारूला नकार देते त्याचे कारणही हेच आहे: नशेमुळे प्रमाद होतो, म्हणजे सावधपणा सुटतो. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहेच.

चौथा आधार धम्म. त्याचा एक भाग म्हणजे दुःख पाहणे आणि त्याचे कारणही पाहणे. इथे आम्हाला जरा स्पष्ट बोलायचे आहे.

१९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी रुग्णांसाठी ताण कमी करण्याचा वर्ग सुरू केला. पुढे 'माइंडफुलनेस' रुग्णालयांतून कंपन्यांत गेली. दुखणाईताला आराम पडतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण आता कामगारांनाही व्याख्यान ऐकवले जाते की ताण घेऊ नका, श्वासाकडे लक्ष द्या. हातमोजे फाटलेले, पगार दोन महिने थकलेला, आणि उपाय म्हणून श्वास! सम्यक स्मृती हे अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग आहे. तिच्या आधी सम्यक वाचा, सम्यक कर्मान्त आणि सम्यक आजीविका येतात. ही अंगे मालकालाही लागू आहेत.

विनयपिटकात एका भिक्खूची हकीकत आहे. पोटाच्या विकाराने तो आपल्याच मलमूत्रात पडला होता, कुणी विचारत नव्हते. तथागतांनी त्याला ध्यानाचा उपदेश करून वाट धरली नाही. आनंदांकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले. मग संघाला बोलावून विचारले की याची सेवा का झाली नाही, आणि आजाऱ्याची सेवा हे सर्वांचे कर्तव्य ठरवले. आधी दुःख दूर केले, मग ते पुन्हा होऊ नये म्हणून नियम केला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबही हेच सांगतात की धम्म ही एकट्या माणसाची बाब नाही, माणसामाणसांतल्या व्यवहाराची बाब आहे.

म्हणून फाटलेला हातमोजा दिसणे हीही सजगता आहे. तो दिसल्यावर तारीख घालून लेखी अर्ज देणे आणि दहा जणांनी मिळून देणे, ही तिची पुढची पायरी. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवण्यावर बंदी आहे. 'पटकन उतर, पाच मिनिटांचे काम आहे' असे कुणी म्हटले, तर तिथे तीन श्वास घ्या आणि नाही म्हणा. त्या तीन श्वासांत घरची माणसे आठवतात.

एक सावधगिरी आरोग्याची. ध्यान औषधाची जागा घेत नाही. बीपीची, साखरेची, टीबीची गोळी ध्यान करतो म्हणून बंद करू नका. कुणाला आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशात रस नाही, जगणे नकोसे झाले आहे, कानात आवाज येतात, तर 'ध्यान कर, बरे वाटेल' एवढ्यावर सोडू नका. अशा माणसाला मोठ्या मौन शिबिरात पाठवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. मनाचा आजार हा आजारच आहे, त्यात लाज कसली?

सुरुवात साधी करा. दिवसातून तीन वेळा तीन-तीन श्वास: काम हाती घेताना, पहिला घास घेण्याआधी आणि घराच्या उंबरठ्यावर. रविवारी वंदनेनंतर विहारात दहा मिनिटे एकत्र बसा आणि पुढची दहा मिनिटे एकमेकांना विचारा की या आठवड्यात कामावर काय त्रास झाला, त्यातला कोणता त्रास आपण मिळून दूर करू शकतो. महिला मंडळाने हे मनावर घेतले, तर आधी शांत बसायचे आणि मग एकत्र उभे राहायचे, या दोन्ही गोष्टी एकाच विहारात होतील.

जय भीम!