जोड म्हणजे दुरुस्ती नव्हे

माझ्या एका मित्राची शापोरा नदीत छोटी शिडाची होडी आहे. शीड असले तरी नदीतून बाहेर पडायला इंजिन लागतेच. इंजिनाकडून पंख्याकडे जाणारी दांडी बुडाखाली ज्या ब्राँझच्या ब्रॅकेटने तोलून धरलेली असते, तो ब्रॅकेट दोन वर्षांपूर्वी मोडला. जाळ्याचा दोर पंख्यात गुंडाळला, हिसका बसला आणि ब्रॅकेटचा पाय तुटला. नशीब, बुडाला भगदाड पडले नाही.

मित्राने एका वर्कशॉपमधून वेल्डिंग करून आणले. तीन आठवड्यांत पुन्हा मोडला, तोही जोडाच्या अगदी शेजारी. या वेळी दोष द्यायला दोरही नव्हता!

तुकडे घेऊन आम्ही डिचोलीला एका वृद्ध कांसारांकडे गेलो. त्यांचे आयुष्य समया-हंड्यांत गेलेले. त्यांनी तुकड्यावर हातोडीचा हलका टोला दिला. खणखणीत नाद यायचा तिथे नुसता 'ठप्प' आवाज. मग कानसीने कोपरा घासला. आत पिवळ्याऐवजी तांबूस, भुसभुशीत धातू.

"हें कांशें न्हय बाब, पितळ. आनी ताचें जस्त गेलां."

अगदी खरे. बाजारात ज्याला 'मँगनीज ब्राँझ' म्हणतात त्यात सुमारे ४० टक्के जस्त असते, म्हणजे जात पितळेचीच. खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त निघून जाते आणि मागे तांब्याची चाळण उरते. चाळणीला डाग कसला धरणार? हे टाळायला होडीला जस्ताचा तुकडा जोडतात. धातूऐवजी तो झिजतो. मित्राच्या रंगाऱ्याने हौसेने त्यालाही रंग फासला होता. रंगाखाली जस्त झाकले गेले, आणि झिजला तो ब्रॅकेट.

तुम्ही म्हणाल, नवा मागवायचा, संपले. पण रंगवलेले जस्त तसेच राहिले असते तर नवाही त्याच वाटेने गेला असता. कारण न शोधता जोडणे आणि कारण न शोधता बदलणे, दोन्ही सारखेच. माझ्या मते दुरुस्ती त्या हातोडीच्या टोल्यापासून सुरू होते.

पुढे सुताराने लाकडी नमुना केला. तुटक्या ब्रॅकेटवरूनच साचा घेतला असता तर ओतीव भाग लहान झाला असता, कारण धातू थंड होताना फुटामागे एक-दीड सूत आकसतो. ओतताना गनमेटल वापरले: तांबे ८८ भाग, कथील १०, जस्त २. दांडी शेवटची जुळवली ती होडी पाण्यात उतरवल्यावर, कारण जमिनीवर टेकलेल्या होडीचा आकार किंचित बदलतो.

दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादई'तून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. म्हणजे गोव्यात हात आहेत. पण कांसाराला आपण समईपुरते ओळखतो आणि धातूची नाडी पाहायची वेळ आली की कॅटलॉग उघडतो. हे मला पटत नाही.

यंदा पावसाळ्याआधी होडी वर घेतली तेव्हा नवे जस्त अर्धे झिजलेले. मित्र हळहळला. मी म्हटले, "अरे, रडतोस काय? ब्रॅकेटवर टोला मारून बघ."

छान नाद आला.