'नाही' आणि 'इथे नाही'

परवा संध्याकाळी लॅपटॉप उघडला आणि माझे अकराशे विद्यार्थी गायब!

झालं असं. सिरसाळ्यात निवांत बसल्या बसल्या मी जुन्या वह्यांवरून विद्यार्थ्यांची एक यादी करतोय. नाव, गाव, दहावीचं साल, सध्या कुठे. पुण्याच्या नातवाने त्यासाठी पायथनमध्ये छोटासा प्रोग्रॅम करून दिलाय. माहिती माझ्याच मशीनवर, एसक्यूलाइटच्या एका फाइलीत राहते. परवा प्रोग्रॅम नेहमीसारखा सुरू झाला, पण यादी कोरी. चूक झाल्याची सूचना नाही, काही नाही. वाटलं, गेलं सगळं. चिडून पुन्हा टाइप करायला बसलो. चाळीसेक नावं झाल्यावर नातवाला फोन लागला.

"आबा, तुम्ही दुसऱ्या फोल्डरमधून सुरू केलंत. तिथे फाइल सापडली नाही, म्हणून प्रोग्रॅमने नवी केली."

जुनी फाइल आपल्या जागी शाबूत होती. जीव भांड्यात पडला. पण आता याद्या दोन! ते निस्तरण्यात दोन दिवस गेले.

एसक्यूलाइटची रीतच अशी आहे की उघडायला सांगितलेली फाइल नसली, तर ती नवी करून देते. पहिल्या दिवशी ही सोयच असते. आतला तक्ता करतानाही 'इफ नॉट एग्झिस्ट्स' असे तीन शब्द घालतात, म्हणजे नसेल तरच कर. मला ते शब्द फार आवडले. पण ते बघतात फक्त समोरच्या फाइलीत. शेजारच्या फोल्डरमध्ये काय आहे, त्याची त्यांना खबर नाही. 'इथे नाही' याचा अर्थ 'नाही' असा घेतला की घोळ झालाच.

हा घोळ मी स्वतः केलेला आहे, कॉम्प्युटर नसताना. आमच्या भागातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या निघतात. पोरंही आईबापांबरोबर जायची ती उन्हाळ्याच्या तोंडाला परतायची. एकदा अशीच एक मुलगी परत आली. हजेरीत नाव दिसेना. मागच्या वर्षांचं जनरल रजिस्टर कपाटात होतं, किल्ली हेडमास्तरांकडे. मी सरळ नवी नोंद केली, जन्मतारीख अंदाजाने घातली. दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी तिच्या दोन जन्मतारखा निघाल्या. बाप तालुक्याला खेपा घालून मेटाकुटीला आला. दुसरी नोंद माझ्या अक्षरातली होती.

आधारची पद्धत पाहा. देशातला पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत रंजना सोनवणे यांना मिळाला. नवा क्रमांक देण्याआधी बोटांचे ठसे आणि बुबुळं आधीच्या नोंदींशी ताडून पाहतात. एवढा खटाटोप कोट्यवधी माणसांसाठी करता येतो, तर आपल्या अकराशे नावांसाठी एक ओळ जास्त लिहायला काय हरकत आहे?

नातू म्हणाला, "प्रत्येक वेळी विचारत बसलं तर लोक वैतागतात, आबा." खरं आहे. पण विचारायचं प्रत्येक वेळी कशाला? नवी यादी हवी तर त्यासाठी वेगळं बटण ठेवावं. रोजच्या उघडण्यात न सापडलेली फाइल करूच नये, 'अमुक ठिकाणी पाहिली, नाही' एवढं सांगून थांबावं. एसक्यूलाइटमध्ये तशी सोयही आहे म्हणे, असली तरच उघड, नाहीतर चूक दाखव. शिवाय नुसती फाइल दिसली म्हणून खूश होऊ नये. शून्य बाइटची कोरी फाइलसुद्धा 'आहे'च असते. आत तक्ता आहे का, हेही बघायला हवं.

कुरकुर करत त्याने बदल केला. फाइलीचा पूर्ण पत्ताच प्रोग्रॅममध्ये लिहून टाकला. माझ्या चाळीस नावांतली अडतीस जुन्या यादीत निघाली, दोन खरोखर नवी होती.

त्या मुलीचं नाव यादीत आहे, एकदाच. जन्मतारखेचा रकाना मी ठेवलेलाच नाही.