गृहव्यवस्था : बारीक दिव्याची कळ

विजेचा दिवा घरांत आला तेव्हां एक मोठी सोय झाली आणि एक लहानशी सोय गेली. पूर्वीं निजानीज झाली म्हणजे कंदिलाच्या बाजूची किल्ली फिरवून वात खालीं घेत, आणि रात्रीं लेंकरूं उठलें तर तीच वात जराशी वर करीत. दिवा मोठा करणें, बारीक करणें आणि मालवणें हीं तीन निरनिराळीं कामें होतीं. विजेच्या कळीला दोनच गोष्टी ठाऊक: लख्ख उजेड, नाहीं तर काळोख. गेलेली ती मधली पायरी परत मिळवून देणारी वस्तु म्हणजे डिमर. आणि तोच डिमर मोबाइलवरून, ठरल्या वेळीं आपोआप किंवा नुसत्या तोंडी सांगण्यानें चालूं लागला म्हणजे त्याला स्मार्ट डिमर म्हणतात.

या वस्तूविषयीं आमच्याकडे वरचेवर पृच्छा होते, आणि बहुतेक पत्रांचा सूर एकच असतो. वस्तु चांगली पाहून घेतली, वायरमनकडून बसवली, आणि आतां दिवा लुकलुकतो, गुणगुणतो, किंवा बंद केला तरी भुतासारखा मिणमिणत राहतो, दोष कोणाचा? आमच्या मतें दोष बहुधा एकट्या डिमरचा नसतो. डिमर, दिवा आणि भिंतींतल्या तारा या तिघांची पत्रिका जुळवून न पाहतां लग्न लावलेलें असतें. ती कशी पाहावी एवढेंच या महिन्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं ही वस्तु वीज वांचविण्यासाठीं घेऊं नये. ९ वॉटचे पांच एलईडी दिवे रोज पांच तास लावले तरी महिन्याकांठीं पावणेसात युनिटांच्या आंतबाहेर खर्च होतो. ते निम्म्यावर आणले तर फार तर साडेतीन युनिटें वांचतील. आणि चोवीस तास जागा राहणारा डिमर स्वतः एक वॉट जरी खात असला तरी त्यांतलें पाऊण युनिट तोच गिळतो. दुकानदार बिलाचा हिशेब दाखवूं लागला तर त्याला हा हिशेब दाखवावा.

या कळीचें खरें काम आहे तें एकाच छताखालीं तीन पिढ्या नांदणाऱ्या घरांत. वयोमानाप्रमाणें डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळट पडतें. त्यामुळें साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तरुणाच्या मानानें सुमारें एकतृतीयांशच प्रकाश पोहोंचतो. आजोबांना पोथीचीं अक्षरें लागण्यासाठीं जो उजेड हवा, तोच पलीकडे नुकत्याच निजलेल्या नातवंडाच्या डोळ्यांवर येतो, आणि मग कोणी तरी मन मारून पोथी मिटतें. दुसरी वेळ रात्रीं दोनची. आजी न्हाणीघराकडे जावयास उठल्या कीं झोप मोडूं नये म्हणून दिवा न लावतांच भिंतीला हात लावून चालतात. लख्ख दिवा लावला तर डोळे दिपतात, न लावला तर उंबरा दिसत नाहीं. वृद्धपणीं खुब्याचें हाड मोडणें म्हणजे काय, हें ज्या घरानें भोगलें आहे त्याला आम्हीं सांगावयास नको. त्या वाटेवरचा एक दिवा रात्रीं दहांनंतर आपोआप मंद होऊन पहांटेपर्यंत तेवत राहिला, एवढ्यासाठीं जरी हा खर्च केला तरी तो सार्थकीं लागला असें आम्ही समजूं. दिवाणखान्यांतलीं रंगीत रोषणाई आणि टाळी वाजवून दिवा लावणें हे प्रकार मागाहून पाहतां येतील.

आतां पत्रिकेकडे वळूं. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची असून सेकंदाला ५० आवर्तनें, म्हणजे १०० अर्धीं आवर्तनें करते. डिमर करतो काय, तर प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा थोडा भाग छाटून उरलेला दिव्याकडे सोडतो. फार पूर्वीं नाटकगृहांतून दिवे मंद करावयाचे तर वाटेंत अडथळा घालून उरलेली वीज उष्णतेच्या रूपानें जाळून टाकीत. अर्धवाहकाच्या साहाय्यानें आवर्तनच छाटणारा, भिंतीच्या पेटींत मावेल एवढा डिमर न्यूयॉर्क येथील जोएल स्पायरा यांनीं १९५९ सालीं आपल्या राहत्या घरांत खटपट करून सिद्ध केला, आणि पत्नी रूथ यांच्यासह १९६१ सालीं त्यासाठीं ल्युट्रॉन ही कंपनी काढली. तेव्हां दिवे होते तारेचे. तापलेली तार सेकंदाच्या शंभराव्या हिश्शांत निवत नसे, म्हणून डोळ्याला उजेड सलग आणि मंद दिसे. एलईडी दिव्याचें तसें नाहीं. त्याच्या बुडाशीं लहानसें विद्युन्मंडल असतें, आणि तुकड्यातुकड्यांनीं येणारी वीज घेण्याची त्याला सवय नसेल तर तें गोंधळतें. लुकलुकणें व गुणगुणणें हीं त्याचीं लक्षणें होत. असा दिवा अकालीं मरतोही.

म्हणून दिवा घेतांना वेष्टनावर ‘डिमेबल’ हा शब्द आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें. नसेल तर तो दिवा डिमरवर लावूं नये, मग तो कितीही नामांकित असो. डिमरमध्यें सुद्धां आवर्तनाचा आरंभ छाटणारे आणि शेवट छाटणारे असे दोन प्रकार आहेत. एलईडीला सामान्यतः दुसरा प्रकार अधिक मानवतो. शिवाय डिमरवर किमान भाराचा आंकडा छापलेला असतो. ६० वॉटचे तारेचे पांच दिवे म्हणजे ३०० वॉट होत. त्यांच्या जागीं आलेले पांच एलईडी जेमतेम ४५. भरल्या पंक्तीला वाढणाऱ्या आचाऱ्याला दोन पानें वाढावयास सांगितलीं तर त्याचा हात जसा अवघडतो, तसें किमान भाराखालीं डिमरचें होतें. आणि जो दिवा स्वतःच मोबाइलवरून मंद होतो असा स्मार्ट दिवा तर डिमरवर मुळींच नको. एका म्यानांत दोन तरवारी.

तिसरा जोडीदार भिंतीच्या आंत आहे. साध्या कळीपर्यंत फक्त फेजची तार येते आणि तेथून दिव्याकडे जाते; न्यूट्रल परस्पर दिव्याला पोहोंचते. परंतु स्मार्ट डिमरच्या पोटांतला रेडिओ अहोरात्र जागा असल्यामुळें त्याला स्वतःसाठीं वीज लागते, आणि त्याकरितां न्यूट्रल पेटींत असणें उत्तम. न्यूट्रलवांचून चालणारे डिमर मिळतात. ते दिवा बंद असतांही त्याच्यामधून किंचित् प्रवाह वाहता ठेवतात. तारेच्या दिव्याला तो कळतही नसे, एलईडी मात्र तेवढ्यावर मिणमिणूं लागतो. हेंच पत्रांतलें ‘भूत’. त्यावर दिव्याशीं समांतर एक लहानसा बायपास जोडण्याचा उतारा आहे व तो बहुधा लागू पडतो. आपल्याकडे एक सोय अशी आहे कीं ज्या बोर्डावर कळींच्या शेजारीं प्लगचें सॉकेट असतें तेथें न्यूट्रल हटकून आलेली असते. जिन्याच्या खालीं-वर बसवलेल्या दुतर्फी कळींच्या पेटींत मात्र ती सहसा सांपडत नाहीं. त्या जागेसाठीं वायरमनला आधीं बोर्ड उघडून पाहावयास सांगावें आणि मगच वस्तु मागवावी.

रीतीप्रमाणें फेजची तार तांबडी, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी आणि अर्थिंगची हिरवी असते. जुन्या घरांत या रंगांवर कवडीचाही विश्वास ठेवूं नये. ज्याच्या झोळींत जी तार उरली ती त्यानें ओढलेली असते. तारांची ओळख टेस्टरनें व मीटरनेंच पटवावी, आणि टेस्टर स्वतः धड आहे कीं नाहीं हें प्रथम चालू सॉकेटवर पाहून घ्यावें. एक गोष्ट मात्र बजावून सांगावीशी वाटते. न्यूट्रल मिळत नाहीं म्हणून अर्थिंगची हिरवी तार तिच्या जागीं जोडून देणारे कारागीर आहेत. ‘चालतंय ना?’ असें वर विचारतात. दिवा चालतो, परंतु अर्थिंगमधून सतत प्रवाह वाहूं लागतो, आणि तीच तार पुढें कोठें तुटली तर धुण्याच्या यंत्राच्या किंवा फ्रिजच्या पत्र्यालाही वीज लागूं शकते. असें करणाऱ्या माणसाला चहा पाजून वाटेस लावावें आणि परवानाधारक वायरमन बोलवावा. कामाच्या वेळीं नुसती कळ बंद करून भागत नाहीं. त्या मंडलाचा एम. सी. बी. खालीं पाडून, शक्य तर घरांतलें एक मोठें माणूस तेथें उभें करावें, म्हणजे ‘वीज कां गेली?’ म्हणून कोणी तो उचलणार नाहीं. एकत्र कुटुंबांत ही भीति कल्पित नव्हे.

दिव्याचा डिमर पंख्याला लावूं नये. मोटर घुमते व तापते. पंख्याचा रेग्युलेटर निराळा असतो, आणि नव्या बीएलडीसी पंख्यांना तर बहुधा कोणताच रेग्युलेटर चालत नाहीं. तसेंच चिरंजीवांनीं अमेरिकेहून प्रेमानें आणलेला डिमर. तो तिकडच्या १२० व्होल्टसाठीं केलेला असतो आणि आपल्या २३० व्होल्टवर क्षणांत जळतो. शिवाय त्याचा आकार आपल्या पेटींत बसत नाहीं. भेट म्हणून जपून ठेवावा.

निवड करतांना आम्ही एका गोष्टीवर अडून बसूं: भिंतीवरची कळ हातानें चालली पाहिजे. मोबाइल हातीं नाहीं, इंटरनेट बंद आहे, पाहुण्या मावशी एकट्या घरीं आहेत, तरीही दिवा लागला पाहिजे. जुन्या कळीच्या मागें पेटींत दडून बसणारे लहान डिमर मिळतात. त्यांतील पुष्कळांना दारावरच्या घंटेसारखें, दाबून सोडलें कीं परत वर येणारें बटण जोडतां येतें. एकदां दाबलें कीं दिवा लागतो किंवा मालवतो. दाबून धरलें कीं हळूहळू बारीक वा मोठा होतो. ज्यांनीं जन्मभर कंदिलाची किल्ली फिरवली त्यांना हें शिकवावयास दोन मिनिटें पुरतात. पेटी लोखंडी असेल तर रेडिओचा आवाज बाहेर नीट पोहोंचत नाहीं, हें मात्र ध्यानांत असावें.

बसवून झाल्यावर जुळवणीचें काम उरतें, आणि येथेंच बहुतेक लोक कंटाळा करतात. या वस्तु बहुधा वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच बोलतात, ५ वर नव्हे. ‘जोडलेंच जात नाहीं’ या तक्रारीचें मूळ पुष्कळदां एवढेंच असतें. नंतर किमान पातळी ठरवावी. दिवा कमी करीत करीत जेथें थरथरूं लागेल त्याच्या किंचित् वर ती कायम करावी, आणि तेथून बंद करून पुनः लावून पाहावा. मापून घेतलेला प्रकाश एकचतुर्थांशावर आणला तेव्हां कोठें डोळ्याला तो निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणून रात्रींच्या वाटेवरचा दिवा पडद्यावरील आंकडा पाहून न ठरवतां, रात्रीं दहा मिनिटें काळोखांत बसून आजींच्याच डोळ्यांनीं ठरवावा. वीज जाऊन परत आल्यावर दिव्यानें काय करावें, हेंही सांगून ठेवावें लागतें. ‘पूर्वस्थिति’ असें निवडावें. नाहीं तर पहांटे तीनला वीज आली कीं सारें घर लग्नघरासारखें उजळतें. शेवटीं राउटर बंद करून प्रत्येक कळ हातानें लावून पाहावी.

राहिला प्रश्न मालकीचा. हे सर्व डिमर कोणा एकाच्या खात्यावर नोंदले जातात, आणि हौस असते ती बहुधा घरांतल्या धाकट्या मुलाला. तो शिक्षणास किंवा नोकरीस परगांवीं गेला, फोन बदलला, परवलीचा शब्द विसरला, म्हणजे सासूबाईंच्या खोलींतला दिवा कोणत्या वेळीं मंद व्हावा हें बंगळूरला विचारावें लागतें. एका गृहस्थांकडे तर मुलगा चेष्टेनें तिकडून दिवे मालवीत असे. आजोबांना ती चेष्टा वाटली नाहीं, आणि तें योग्यच होतें. खातें घरांत कायम राहणाऱ्या माणसाच्या नांवें काढावें, दुसऱ्या एकाला बरोबरीचा अधिकार द्यावा, आणि परवलीचा शब्द, कोणत्या पेटींत कोणता डिमर व कोणते दिवे बसवले त्याची नोंद कागदावर करून मीटरच्या कपाटाच्या दाराला आंतून चिकटवावी. २०२२ च्या ऑक्टोबरांत ‘मॅटर’ नांवाचें समाईक मानक प्रसिद्ध झालें असून त्याची खूण असलेल्या वस्तु निरनिराळ्या कंपन्यांच्या असल्या तरी एकत्र नांदूं शकतात. नव्यानें घेणारांनीं ती खूण पाहून घ्यावी.

पंख्यांच्या रेग्युलेटरांसंबंधीं जीं पत्रें आलीं आहेत त्यांचा परामर्श पुढील अंकीं घेऊं.