मूळव्याधीचें मलम : मात्रा, मुदत आणि मर्यादा

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून, संग्रामपूर)

कपाशीवर कोणती कीड पडली आहे हें पाहिल्यावांचून औषध फवारूं नये, हें आतां आपल्या तालुक्यांतील कोणाही जाणत्या शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. तुडतुड्यांवरील औषध बोंडअळीस चालत नाहीं हें तो जाणतो, आणि डब्यावरील त्रिकोण तांबडा आहे कीं हिरवा हें पाहून हात राखून वागतो. परंतु हाच मनुष्य स्वतःच्या गुदद्वाराच्या दुखण्यास मात्र दुकानांतून ‘मूळव्याधीची ट्यूब द्या’ एवढेंच म्हणून मलम आणतो, आणि एकामागून एक ट्यूब संपवीत राहतो. दुखणें कोणतें, ट्यूबमध्यें औषध कोणतें आणि तें किती दिवस लावावयाचें, यांपैकीं एकाही गोष्टीची चौकशी होत नाहीं. पिकास जो विचार आपण लावतों तोच देहास लावावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.

विषय लाजेचा आहे, सबब या मासिकांत तो कशाला, असें कोणी म्हणेल. आमचें मत याच्या उलट आहे. लाजेमुळेंच हें दुखणें वाढतें. सुश्रुतसंहितेंत अर्शाचें, म्हणजे मूळव्याधीचें, स्वतंत्र प्रकरण आहे, आणि तेथें चार उपाय सांगितले आहेत : औषध, क्षार, अग्नि आणि शस्त्र. त्यांतील औषध हें नव्या व सौम्य दुखण्यापुरतें आहे. मलमास मर्यादा आहे, ही गोष्ट अशी फार जुनी आहे. आपणच ती विसरलों आहों.

प्रथम दुखणें ओळखावें. लोक ज्यास सरसकट मूळव्याध म्हणतात त्यांत निदान तीन निरनिराळीं दुखणीं असतात. खऱ्या मूळव्याधींत गुदद्वाराच्या आंतील रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगतात. शौचाचे वेळीं बहुधा वेदनेवांचून लालभडक रक्त पडतें, आणि पुढें मोड बाहेर येतो. दुसरें दुखणें चिरेचें. डॉक्टर तिला फिशर म्हणतात, वैद्य परिकर्तिका म्हणतात. कठीण मळानें तेथील कातडी फाटते. शौचाचे वेळीं कांचेनें कापल्यासारखें दुखतें आणि नंतर कांहीं वेळ ठणका राहतो. तिसरें भगंदर. त्यांत गुदद्वाराशेजारीं गळूं होऊन भोंक पडतें व पू येत राहतो. भगंदर कोणत्याही मलमानें बरें होत नाहीं. त्यास शस्त्रक्रिया किंवा पदवीधर वैद्याकडून क्षारसूत्र हाच मार्ग.

आतां ट्यूबमध्यें काय असतें तें पाहूं. पहिली जात बधिर करणाऱ्या औषधांची. लिग्नोकेन हें त्यांतील प्रमुख असून तें १९४३ सालीं स्वीडनमध्यें प्रथम तयार झालें. त्यानें वेदना कळेनाशी होते. रोग जात नाहीं. दुसरी जात स्टेरॉइडची : हायड्रोकॉर्टिझोन, बेक्लोमेथासोन इत्यादि. यांनीं सूज व खाज लवकर उतरते, म्हणून मनुष्य त्यांस भुलतो. परंतु डॉक्टरनें सांगितल्यावांचून सात दिवसांपेक्षां अधिक लावल्यास तेथील कातडी पातळ पडते, बुरशी माजते व चीर भरण्यास विलंब लागतो. अशीं अनेक स्टेरॉइड मलमें चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा केंद्र सरकारचा २०१८ सालचा हुकूम आहे. तिसरी जात रक्तवाहिन्या आंवळणाऱ्या फेनिलएफ्रिनसारख्या औषधांची. रक्तदाबाच्या व हृदयविकाराच्या रोग्यानें तीं विचारल्यावांचून लावूं नयेत.

चौथी जात केवळ चिरेसाठीं आहे : डिल्टियाझेम आणि नायट्रोग्लिसरीन. यांनीं गुदद्वाराचा आंवळलेला स्नायु सैल पडतो, तेथें रक्त पोंचतें आणि चीर भरते. ज्या नायट्रोग्लिसरीनपासून आल्फ्रेड नोबेल यांनीं १८६७ सालीं डायनामाइटचें पेटंट घेतलें, तोच हा पदार्थ. मलमांत तो अत्यल्प असल्यामुळें स्फोटाची भीति नाहीं, पण तो कातडीवाटे रक्तांत जातो. त्यानें डोकें दुखतें, क्वचित् घेरी येते. पुरुषत्वाच्या म्हणून ज्या सिल्डेनाफिल वगैरे गोळ्या विकल्या जातात, त्या घेणाऱ्यानें हें मलम मुळींच लावूं नये. रक्तदाब एकाएकीं खालीं जाऊन जीव धोक्यांत येतो. येथें मुदतही निराळी आहे. हीं मलमें डॉक्टर बहुधा सहा ते आठ आठवडे लावावयास सांगतात. चार दिवसांत आराम पडला म्हणून सोडल्यास चीर पुन्हां उलते. म्हणजे एक ट्यूब सात दिवसांत थांबवावयाची, तर दुसरी दोन महिने चालवावयाची. नांव न वाचतां लावणाऱ्यास हा भेद कसा कळणार?

लावण्याची रीत येणेंप्रमाणें. प्रथम हात साबणानें धुवावे. फवारणीवरून आलेल्या मनुष्यानें तर आंघोळच करावी, कारण त्या जागेची कातडी औषधाप्रमाणें विषही शोषून घेते. टबांत कोमट पाणी घेऊन त्यांत दहा-पंधरा मिनिटें बसावें. पाणी साधें असावें. पोळेल इतकें ऊन नसावें. नंतर मऊ फडक्यानें न घासतां टिपून घ्यावें. हरभऱ्याच्या दाण्याएवढें मलम बोटावर रबरी टोपण चढवून लावावें, आणि पुन्हां हात धुवावे. दिवसांतून किती वेळां, हें चिठ्ठीवर असेल तेवढेंच. एकाची ट्यूब दुसऱ्यानें वापरूं नये, मुदत संपलेली लावूं नये, आणि वैशाखांत ती तापलेल्या टिनांखालीं ठेवूं नये. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता व लहान मुलें यांस विचारल्यावांचून कोणतेंही मलम लावूं नये.

आपल्या भागापुरती एक सूचना निराळी करावीशी वाटते. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत आपलीं पुष्कळ गांवें आहेत, आणि मूत्रपिंडाचा विकार येथें किती घरांत शिरला आहे हें वाचकांस सांगणें नको. असें असतां ठणका लागला कीं किराणा दुकानांतून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन यांसारखी दुखण्यावरची गोळी आणून दिवसेंदिवस गिळण्याची चाल पडली आहे. या गोळ्यांचा भार मूत्रपिंडावर पडतो. गुदद्वाराचें दुखणें वांचवितां वांचवितां मूत्रपिंड घालवावें, हा व्यवहार तोट्याचा आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट रक्ताची. शौचावाटे पडणारें रक्त नेहमींच मूळव्याधीचें असतें असें नाहीं. मोठ्या आंतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगांतही तें पडतें, आणि मलम लावण्यांत गेलेले सहा महिने मग परत मिळत नाहींत. म्हणून रक्त प्रथमच दिसूं लागलें असेल, विशेषतः वय चाळिशीपुढें असेल, आठवड्यानंतरही तें थांबत नसेल, मळ काळा डांबरासारखा होत असेल, शौचाची संवय बदलली असेल, वजन घटत असेल, ताप किंवा पू येत असेल, तर ट्यूब बाजूस ठेवून डॉक्टरकडे जावें. मोड एकाएकीं कठीण होऊन असह्य दुखूं लागल्यास दोन-तीन दिवसांच्या आंतच जावें, कारण तेवढ्या मुदतींत उपाय सोपा असतो. थोडें थोडें रक्त महिनोन् महिने जाऊन अंग पांढरें पडतें, हेंही ध्यानांत असावें. घरांतील स्त्रिया तें बोलत नाहींत, तेव्हां घरच्या मंडळींनींच विचारावें. वरवट बकालच्या ग्रामीण रुग्णालयांत किंवा खामगांवच्या सामान्य रुग्णालयांत तपासून घेण्यास जो दिवस मोडेल, तो फुकट गेला असें कोणी समजूं नये. बिनऑपरेशन बरें करण्याच्या पाट्या लावून, पदवीवांचून सुई टोंचणाऱ्यांपासून मात्र दूर राहावें.

आणि मूळ कारण सोडून पानें पुसण्यांत अर्थ नाहीं. मळ कठीण होतो म्हणून कातडी फाटते व गाद्या फुगतात. ज्वारीची भाकर, सालीसह डाळी, अंबाडी-मेथीची भाजी, पेरू हीं आपल्याच शिवारांतील औषधें आहेत. मैद्याचीं बिस्किटें व चहा यांनीं तीं हटविलीं. गुजरात-राजस्थानांत पिकणारें इसबगोल रात्रीं पेलाभर पाण्याबरोबर घ्यावें. अपुऱ्या पाण्याबरोबर घेतल्यास तेंच अडकतें. वान धरणाच्या योजनेचें पाणी ज्या गांवीं येतें तेथें तेंच प्यावें, आणि शेतांत जातांना भरपूर बरोबर न्यावें; मूत्रपिंडाचा रोगी असेल त्यानें मात्र पाण्याचें माप डॉक्टरला विचारून ठरवावें. शौचाची हांक दाबूं नये, आणि बसल्यावर हातांत मोबाईल घेऊन वेळ काढूं नये.

शेवटीं एक मागणी. कीटकनाशकाच्या डब्याबरोबर मराठी माहितीपत्रक येतें, तर मनुष्याच्या देहास लावावयाच्या औषधाबरोबर तें कां येऊं नये? तें येईपर्यंत निदान दुकानदारानें ट्यूबच्या खोक्यावर ‘कोणत्या दुखण्यास, किती वेळां, किती दिवस’ हे तीन शब्दप्रयोग मराठींत लिहून द्यावे, असा आग्रह आपण प्रत्येकानें काउंटरवर धरावा. खतांच्या पोत्याची पावती मागतांना आपण लाजत नाहीं. येथेंही लाजण्याचें कारण नाहीं.