कंपनी काढता? मग वर्षाची फी आधी विचारा



शहाद्याकडच्या एका गावात परवा पपईवाल्यांची बैठक होती. उत्पादक कंपनी काढायचे ठरले होते. एकाने सी.ए.चा कागद पुढे केला. “साहेब, नोंदणीची ही फी जास्त तर नाही ना?” मी विचारले, “आणि दरवर्षीची किती?” सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

नोंदणी अवघड नाही. दहा उत्पादक आणि पाच संचालक जमले की काम होते. अधिकृत भांडवल १५ लाखांपर्यंत असेल तर २०१९ पासून केंद्राची नोंदणी फीदेखील नाही. उरतो तो मुद्रांक, संचालकांच्या डिजिटल सह्या आणि सी.ए.ची मेहनत. त्याची फी काही कायद्याने ठरलेली नाही, म्हणून सरकारी खर्च वेगळा आणि त्याची फी वेगळी, असे लिहून मागा. त्यात त्याला राग येण्यासारखे काही नाही.

खरा खर्च पुढे आहे. वर्षभरात एक किलो माल विकला नाही तरी ऑडिट करावेच लागते. ताळेबंद आणि वार्षिक विवरण असे दोन फॉर्म दरवर्षी भरावे लागतात. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये. दोन्ही फॉर्म वर्षभर राहिले तर ७३ हजार झाले! तीन वर्षे सलग राहिले, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. पुष्कळ ठिकाणी घरच्या बाईचे नाव संचालक म्हणून घातलेले असते आणि तिला सही कुठे केली तेही आठवत नाही.

माझ्या पाहण्यातली मिरचीवाल्यांची एक कंपनी अशीच अडकली. माल एकत्र विकलाच नाही. सी.ए.ची फी थकली, त्याने काम थांबवले. त्याचे तरी काय चुकले? शेवटी सभासदांनी भरलेल्या भागांपेक्षा दंड मोठा झाला.

आणखी एक. जो ऑडिट करतो त्याला त्याच कंपनीच्या वह्या लिहिता येत नाहीत, कायदाच तसा आहे. तेव्हा हिशेबनीस निराळा हवा. गावातली बी.कॉम. झालेली मुलगी हे काम उत्तम करते. केंद्राच्या २०२० च्या उत्पादक संघटना योजनेत नोंदणीला ४० हजारांपर्यंत आणि हिशेबनिसाला महिना १० हजारांपर्यंत तरतूद होती, पण तीदेखील तीनच वर्षे. पुढचा पगार कंपनीनेच काढायचा. आणि हो, डिजिटल सहीची किल्ली व पासवर्ड सी.ए.च्या कपाटात ठेवू नका.

पपईवाल्यांनी त्याच बैठकीतून सी.ए.ला फोन लावून वर्षाचा आकडा विचारला. गेल्या हंगामात सगळ्यांनी मिळून जेवढा माल विकला त्यावर तो भागला. किलोमागे किती पैसे पडतात ते पाहिले आणि म्हणाले, आणखी वीस घरे जोडल्याशिवाय अर्ज करायचा नाही.